शून्याचं टोक

खात्यात माझं काम टेप धरायचं.
तीस मीटरची, पिवळी, चिखलाने घासून गेलेली;
त्यातला सात मी अंदाजानेच वाचतो.

चैत्रात नियम बदलला.
बदलला म्हणजे कुणी काही पाडलं नाही.
पणजीहून एक कागद आला, पाठपोट टाईप केलेला:
अमुक तारखेला ज्यांचं जोतं पूर्ण
त्यांना जुना नियम, वर तीन मजले.
ज्यांचं अपूर्ण, त्यांना मंजुरी
कधी मिळालीच नव्हती असं समजावं.

असं समजावं.
एवढं समजण्यासाठी मी फोंड्यातली
एक्केचाळीस जोती मोजली.

खडपाबांधच्या मागे उतारावर
सुलक्षा प्रियोळकर, बालवाडीच्या निवृत्त बाई,
उन्हात आमची वाट बघत उभ्या.
हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत नकाशा,
नकाशावर आमच्याच खात्याचा गोल शिक्का,
शिक्क्याखाली सही.
सही करणारे साहेब जीपमध्येच बसून राहिले,
काच वर करून.

हा मजला आमचा, वरचा मुलीचा, त्याच्यावर भाड्याचा,
बाईंनी बोटाने हवेत दाखवलं
आणि मीही मान वर केली.
खोटं कशाला सांगू,
क्षणभर मला गॅलरीतलं वाळत घातलेलं लुगडं दिसलं.

जोत्याला चिऱ्यांचे चार थर हवेत.
होते तीन.
चौथ्याचे चिरे शेजारी रचून ठेवलेले,
पैसे दिलेले, मोजून घेतलेले, वर ताडपत्री.
गवंडी हनुमंतप्पा आई गेली म्हणून गदगला गेला होता.
दिवसकार्य उरकून तो निघाला,
तारीख उलटली तेव्हा त्याची बस
अनमोडच्या घाटात होती.

त्या दिवशी माझ्या जोडीला दुसरा माणूस नव्हता.
म्हटलं, बाई, हे टोक जरा धरता?
त्यांनी धरलं.
गुडघ्यावर बसून, शून्य अगदी मातीला टेकवून,
मुलांना पाटीवर रेघ शिकवताना धरत असतील तसं,
केसभरही न हलवता.

मी वरून वाचलं: सदुसष्ट.
सात पुसलेला होता,
पण हवे होते नव्वद.
तिथे सातने काय होणार?

पदराने हात पुसत त्या म्हणाल्या,
मी बरोबर धरलं ना?

त्याच आठवड्यात, त्याच टेपने,
टेकडीवरच्या सात मजल्यांचं जोतं मोजलं.
पुरे नव्वद. वर दोन.
एका रात्रीत, हॅलोजनच्या उजेडात ओतलेलं;
कागद यायच्या आधीच त्यांना कागद कळला होता.
काँक्रीट इतकं ओलं की माझ्या चपलेचा ठसा उमटला,
शेजारी कुणा कुत्र्याचाही होता.
साहेबांनी लिहिलं: पूर्ण.
कोरडं असावं, असं नियमात कुठे म्हटलेलं नव्हतं.

श्रावणात एकदा त्या वाटेने गेलो,
कामाला नाही, असाच.
जोत्याच्या आत भेंडी लावलेली.
स्वयंपाकघरात दाट, हॉलमध्ये जरा विरळ,
जिना निघणार होता त्या कोपऱ्यात
चौथ्या थरातला एक चिरा, बसायला.
नियम परत बदलणार म्हणतात, खरं काय हो?
कागद आला नाही अजून, मी म्हटलं.
दुसरं काय म्हणणार?

निघताना त्यांनी किलोभर भेंडी बांधून दिली.
पिशवी तीच होती.
नकाशा कुठे ठेवला, मी विचारलं नाही.

घरी येऊन, बायको चिरायला बसण्याआधी,
एका भेंडीच्या शिरा बोटाने मोजल्या.
सात.
अंदाज करावा लागला नाही.