विम्टोची बाटली

रुस्ताकच्या अलीकडे, डोंगराच्या बगलेत
अर्बाब खल्फानच्या वडिलांनी बांधलेली ही भिंत.
उंची सात मीटर, सरकारी यादीत नाव नाही.
मी तिचा राखणदार, मिस्त्री,
आणि शुक्रवारी जीवरक्षक.
पोहता येतं मला, पण विहिरीपुरतं.

सकाळचं पहिलं काम पायथ्याशी.
दगडातून पाझर येतो, करंगळीएवढी धार.
तिच्याखाली विम्टोची रिकामी बाटली लावतो,
भरली की उन्हासमोर धरतो.

आबा पाटकरी होते, नीरेच्या कालव्यावर.
म्हणायचे, झिरपते म्हणून भिंतीला भिऊ नये.
नितळ आहे तोवर जेवायला बस.
गढूळ दिसलं की ताट सोडून पळ,
पण पळताना खालच्या वस्तीला हाका मारत पळ.

खालच्या वस्तीत इथे लिंबाची बाग, अकरा घरं,
आणि सिल्हेटचा एक शिंपी.

शुक्रवारी गाड्या येतात.
कोळसा, मटण, करक चहाचे थर्मास,
फुगवलेले राजहंस.
'सांडव्याजवळ पोहू नये' ही पाटी
टॉवेल वाळत घालायला बरी पडते.
जीवरक्षक कड्याचा दोर एकाने गाडी ओढायला नेला होता;
नवा बांधलाय, त्याची गाठ
घाईत सुटते, चोरीत सुटत नाही.
मोजपट्टीवर आकडे अरबीत आणि इंग्रजीत.
खांबाच्या मागल्या अंगाला, माझ्यापुरते, मराठीत.

त्या शुक्रवारी शंबेचा फोन आला,
वरच्या घळीत बकऱ्या राखतो तो.
"वादी उतरली," एवढंच, आणि रेंज गेली.
इकडे आभाळ घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखं.

शिट्टी फुंकली.
बायकांनी पोरं ओढली, नर्सेस निघाल्या,
राजहंसावर आडवा मुहन्नद मात्र हसला:
वर बघ, ढग तरी आहे का?
अर्बाबचा मुलगा.
नऊ वर्षं त्याच्याशी मी जमिनीकडे बघून बोलतोय.
"इत्ला!" ओरडलो. "इत्ला बर्रा!"
मग माझं अरबी संपलं
आणि तोंडातून आबा निघाले:
"अरं मुडद्या, निघ की भाईर!"
निघाला. राजहंस तिथेच सोडून.

नंतर चाळीस मिनिटं काहीच नाही.
काठावर ओली माणसं, करपणारं मटण,
आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर.
कुणीतरी म्हणालं, हिंदी घाबरला.
त्या चाळीस मिनिटांत
मी मनातल्या मनात पूर मागितला.
हे आबांना सांगता आलं नसतं.

आधी आवाज आला, खडीचा ट्रक रिकामा होतो तसा.
मग चहाच्या रंगाचं पाणी,
त्यात बाभळीची खोडं, एक प्लास्टिकची खुर्ची,
शंबेची एक बकरी.
मागच्या अंगाचे माझे आकडे बुडत गेले,
चार, पाच, साडेपाच,
आणि सांडव्यावरून राजहंस गेला
मान ताठ ठेवून.
कुणी हसलं नाही.

रात्री बॅटरी घेऊन पायथ्याशी उतरलो.
बाटली भरली, धरली. गढूळ.
भिंतीच्या आतलं की सांडव्याचं उडालेलं,
बाटली सांगत नाही.
विसळून पुन्हा भरली. गढूळच.
मग आबांनी सांगितलं तसा पळालो,
हाका मारत. अकरा घरं उठवून शाळेच्या टेकाडावर नेली.
शिंपी मशीन डोक्यावर घेऊन चढला,
वाटभर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

पहाटे तिसरी बाटली.
ती दगडावर ठेवून समोर बसलोय.
अर्बाबचा फोन येऊन गेला:
भिंत उभी आहे ना? मग लोकांना का उठवलं?
आणि पुढच्या शुक्रवारी पाहुणे येतायत, मस्कतहून, वीस जण.

म्हटलं, गाळ बसू दे अर्बाब,
मग सांगतो.

तळाशी बोटभर बसलाय.
वरचं अजून ठरलेलं नाही.