मोजा म्हणजे एक

सातवी ब मध्ये मी म्हटलं, "मोजा,"
आणि मागच्या बाकावरून ती पटकन म्हणाली, "वन."
वर्ग हसला. मीही.
मधल्या सुट्टीत कळलं, तिच्या स्वाहिलीत
मोजा म्हणजे एक.
दोनपासून पुढे वेगळे शब्द लागतात.

तुमाइनी म्वाकालिंगा. वय चोवीस. गाव म्बेया, टांझानिया.
इंग्रजीला मदतनीस, जूनपासून वर्षभर.
हेडसरांनी मस्टरवर नाव तीनदा खोडलं.
पोरांनी दोन दिवसांत तुमाई केलं,
पुढच्या सोमवारी 'तु' पण गळाला.
उरली माई.

खोलीचं इतकं सोपं झालं नाही.
फोनवर रिकामी असलेली खोली
आम्ही रिक्षातून उतरेपर्यंत भरलेली असायची.
विश्रामबागेत दोन, शंभर फुटीवर एक.
"गावाकडनं पाव्हणे आलेत ओ अचानक,"
एकजण म्हणाला, तिच्याकडं न बघता.
मी तिला सांगितलं, भाडं जास्त मागतायत.
ती म्हणाली, "हो. जास्तच."
परतीच्या वाटेत मी भडंग घेतला
आणि उगाच फार बोलत राहिले.

शेवटी गावभागात मालन चौगुल्यांनी
एवढंच विचारलं, "खोलीत अंडं शिजवणार न्हाईस न्हवं?"
आणि जिन्याची किल्ली हातात ठेवली.

तिची एक शंभर पानी वही आहे.
तीत दादा म्हणजे बहीण. काका म्हणजे थोरला भाऊ.
मिशीवाल्या कंडक्टरला सगळी एसटी
ताई, ताई म्हणून हाका मारते
तेव्हा ती खिडकीकडं तोंड करून हसते.
पोलीस मुख्यालयात, परदेशी नागरिकांच्या टेबलाशी,
हवालदारानं विचारलं, "बाबांचं नाव?"
मी तोंड उघडायच्या आत तिनं सांगितलं.
बाबा तिकडंही बाबाच.

किती म्हणजे खुर्ची.
पहिले पंधरा दिवस मंडईत तिला वाटायचं
काय दमलेल्या बायका आहेत या गावच्या,
मेथीपुढं उभ्या, वांग्यापुढं उभ्या,
खुर्ची मागतायत, खुर्ची,
आणि कुणी देत नाही.

संक्रांतीला मालनआक्कांनी खालून हाक दिली,
"कुंकवाला ये गं."
कुकू म्हणजे कोंबडी.
माई अंघोळ करून, ठेवणीतलं कापड नेसून गेली.
बोटभर हळद, बोटभर लाल, तिळगूळ,
वाणाची प्लास्टिकची गाळणी.
जैनाघरच्या त्या सतरंजीवर ती साडेनऊपर्यंत बसली,
ताटं केव्हा मांडतात याची वाट बघत.
मग वर जाऊन भात लावला.
मला हे सांगताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.
हसूनच आलं असावं.

आणि जिन्यातली ती रेघ.
एकोणीसच्या पुराची, तेलरंगानं आखलेली,
उंच माई चवड्यांवर उभी राहिली तरी
तिच्या डोक्याच्या वर.
आक्का म्हणाल्या, "हितवर पाणी. तांदळाची पोती,
नवऱ्याचा फोटो, समदं."
पाणी हा शब्द माईला येत होता.
रेघेला हात लावून ती म्हणाली,
"माजी."
स्वाहिलीत माजी म्हणजे पाणी.
आक्कांनी तिच्याकडं बघितलं, मग भिंतीकडं.
"व्हय," म्हणाल्या, "माजीच. दुसऱ्या कुणाची असायला?"
दोघी थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या.
माझ्या ओठांवर अर्थ आला होता.
मी चप्पल शोधायला लागले.

आता तिला भाकरी थापता येते, जाड होते.
बुधवारी भारनियमन असतं हे तिला माझ्याआधी कळतं.
"काय करायलाईस?" असं ती मलाच विचारते, पोरांच्या सुरात,
आणि कुणी केसांना हात लावायला आलं
तर न हसता बाजूला होते. हे तिचं तिनं शिकलं.

रात्री साडेनवाला, तिकडं सात वाजलेले असतात,
ती गच्चीत टाकीपाशी उभी राहून फोन लावते.
रेंज तुटते. मग मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं,
"मामा! मामा!"
आणि कितीतरी वेळ मग हळू, हळू, काहीतरी.

शेजारच्या बायका मला म्हणाल्या,
मामावर लई जीव दिसतोय पोरीचा.
लई आहे, मी म्हटलं.
मामा म्हणजे आई,
हे मी गल्लीला अजून सांगितलेलं नाही.