विजेच्या बिलामागे

सोहारला, शुक्रवारी सकाळी,
वैजूनं विजेच्या बिलाची पाठकोरी बाजू घेतली,
वर लिहिलं : श्री.
खाली आकडा : एक.
मग पेनचं टोपण दातात धरून
माझ्याकडे बघत राहिली,
जणू एक नंबरचा पाहुणा मीच.

करायचा का साखरपुडा इथे?
की चिपळूणला, दादांच्या मांडवात, मे महिन्यात,
जेव्हा तिकीट आपल्याला झेपत नाही
आणि रजा मुलाला मिळत नाही?
ऋजुता म्हणते, बाबा, अंगठ्या तर आम्ही घातल्यासुद्धा,
दोहाच्या विमानतळावर,
बॅगा पट्ट्यावर येईपर्यंत.
आता तुम्हाला काय करायचं ते करा.
'तुम्हाला' हे काही ती रागानं म्हणाली नव्हती.
तरी वैजूनं फोन ठेवल्यावर
गाळलेला चहा पुन्हा गाळला.

एकची जागा सोडून तिनं दोनपासून सुरुवात केली.
सबनीसांना सांगायचं तर पालकरांना टाळता येत नाही.
पालकर आले की सबनीस पान घेत नाहीत.
गणपतीच्या वर्गणीचे बारा रियाल,
आठ वर्षं झाली,
दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसून आहेत.
समोरच्या थंकम्मा सिस्टरचं नाव लिहायचंच नाही,
त्या सकाळपासून आपल्याच ओट्याशी असणार.
मोहसीन परकार, दापोलीचा,
आधी विचारेल सोलकढी आहे ना,
मग विचारेल मुलगा काय करतो.

खलफान साहेब.
त्यांच्या सहीनं माझा मुक्काम मार्चपर्यंत ठरलाय.
बोलावलं तर वाटेल अर्ज करतोय,
नाही बोलावलं तर वाटेल राग धरलाय.
धरलायस का? वैजूनं विचारलं.
मी म्हटलं, पुढचं नाव घे.

पुढचं नाव भिवा घाडी.

अकरा वर्षं माझ्या क्रेनखाली उभा,
हात वर करून सांगणारा : अजून, अजून, बस.
पगार पंचाण्णव रियाल, त्यातले ऐंशी कणकवलीला.
बोलावलं तर येईल.
कॅम्पातून दोन गाड्या बदलून,
इस्त्रीच्या शर्टात, कुणाचे तरी बूट घालून,
आणि पाकिटात वीस रियाल.
मला माहीत आहे.
ऋजुता दहावी झाली तेव्हा दहा दिले होते
आणि महिनाभर दह्याशी खुबूस खाल्ला होता.

नाही बोलावलं तर
शनिवारी गेटवर त्याला कळेल, मोहसीनकडून,
आणि तो हसून म्हणेल, बरां झालां, सायबानु.
अगदी मनापासून म्हणेल,
तेच तर.

'आहेर आणू नये' असं लिहूया, मी म्हटलं.
बाकीच्यांना ती रीत वाटेल, वैजू म्हणाली,
त्याला कळेल ती ओळ कुणासाठी आहे.
मग थोड्या वेळानं :
काम सांग ना त्याला काहीतरी.
नारळ आणायला सांग, खुर्च्या मांडायला सांग.
कामाला आलेला माणूस पाकीट आणत नाही.

अकरा वर्षं कामच सांगतोय गं त्याला.
एक संध्याकाळ बसू दे खुर्चीवर.

ती काही बोलली नाही.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
मग ती कणीक मळायला उठली,
आतून म्हणाली, वीस तर वीस.
त्याच्या बायकोला साडी पाठवू चांगली,
दिवाळीला जाईल तो.
आणि जाताना डबा दे.
एवढा मोठा दे की त्याच्या खोलीतल्या सहाही जणांना
साखरपुडा होता हे कळू दे.

दोहाहून फोन. काय ठरलं, बाबा?
करतोय म्हटलं, इथेच.
किती माणसं?
बिल उजेडाकडे धरलं.
मागच्या बाजूनं बाकी रक्कम उलटी दिसत होती,
आणि दोन, तीन, चार, पाच यांच्या वर
माझ्या अक्षरात, जरा वाकडं, भिवा.
आत्तापर्यंत एक नक्की, मी म्हटलं.
बाकीच्यांचं बघतोय.