दहा नंबरचा पाना

चौतीस वर्षं मी पावतीपुस्तक घेऊन फिरलो.
महाल, इतवारी, गांधीबाग,
शटर अर्धं वर गेलेल्या दुकानांतून.
सेठ लोक मला लांबून ओळखायचे
आणि लांबूनच दुकानात नसायचे.

मग बैठकीत ठरलं, आता तरुणांना धरा.
धरा म्हणे,
जशा काही कोंबड्या.

गेलो. एप्रिल संपत आलेला, डोक्याला दुपट्टा,
कॉलेजच्या गेटासमोर तर्री-पोह्याच्या ठेल्यापाशी उभा.
"पन्नास रुपये, बेटा, अपंगांच्या सायकलीसाठी."
पोरं मला वळसा घालून जात होती,
खांबाला घालतात तसा.

एकजण थांबला. निमिष धकाते, पॉलिटेक्निक, दुसरं वर्ष.
"पन्नास नाहीत जी काका, पोहेच उधारीचे आहेत."
पण पत्रकावरच्या फोटोकडे बघत राहिला.
"ही तीनचाकी उजवीकडे ओढते ना?
चेन ढिली आहे. फोटोतच दिसते.
दहा नंबरचा पाना आहे काय तुमच्याकडे?"

पाना नव्हता.
आमच्याकडे होतं लोखंडी कपाट, तेरा ढाली,
संस्थापकांचा हार घातलेला फोटो
आणि मागच्या अंगणात गंजत पडलेल्या एकोणीस सायकली,
ज्या "लाभार्थींनी निष्काळजीपणे वापरल्या"
असं अहवालात मीच लिहिलं होतं.

रविवारी तो आला. सोबत फरीन
आणि नंदनवारांचा उंच मुलगा.
मी काय केलं?
पाकिटं दिली चिकटवायला. चारशे.
पुढच्या रविवारी कोणी आलं नाही.

मग मीच गेलो, पावतीपुस्तक घरी ठेवून.
हात कुठं ठेवावे कळेना.
"काय करू?" विचारलं.
असं कोणाला मी कधीच विचारलं नव्हतं.
"पाकिटं नका देऊ," फरीन म्हणाली,
"किल्ली द्या."

किल्लीवर दोन तास चर्चा झाली.
कूलर ओरडत होता, अध्यक्ष त्याच्यावर.
"पोरं ती. चोरतील. फोटो काढून पळतील."
फोटो त्यांनी काढलेच, खोटं कशाला बोलू.
परीक्षेला गेलेले अर्धे परत आलेच नाहीत.
पण अंगणात ग्रीसचा वास यायला लागला,
आणि फरीननं जाऊन देवकाबाई उकेंना आणलं,
त्या मेडिकल चौकात सुया-पिना विकतात.

"हे हँडल कोणाच्या मापाचं आहे बाप्पा?
माझा खांदा तर इथं आहे."
निमिषनं हँडल कापलं. दोन इंच.
एवढ्यासाठी त्या सात वर्षं
रात्री खांद्याला तेल चोळत होत्या.
माझ्या अहवालात त्याचा रकाना नव्हता.

एकदा पाना पुसता पुसता फरीन म्हणाली,
"काका, अपंगांच्या ऑफिसला तीन पायऱ्या कशाला?"

तीन होत्या?
रोज चढलो, मोजल्या नव्हत्या.
देवकाबाई खाली उन्हात थांबायच्या,
मी कागद खाली नेऊन अंगठा घ्यायचो
आणि वर येऊन म्हणायचो, आज चांगली सेवा झाली.

आता तिथं उतार आहे. वाकडाच झालाय,
नंदनवारांचा पोरगा सिमेंटचा हिशेब चुकला.
अध्यक्ष येताना कठडा धरतात.
देवकाबाई सरळ आत, कूलरसमोर,
आणि मलाच म्हणतात, "बस ना बाप्पा, किती उभा राहतो."

पाना माझ्या शर्टाच्या खिशात असतो,
जिथं पेन असायचं.
खिसा एका बाजूला लोंबतो, बायको रागावते.

काल इतवारीत एका सेठनं मला लांबून पाहिलं
आणि सवयीनं आत वळला.
मी हाक मारली,
"घाबरू नका जी!
तुमचा नातू रविवारी काय करतो,
एवढंच विचारायचं होतं."