नाशकात

आमच्या स्टेमरनं पहिल्याच प्रॅक्टिकलला
'नाशकात' या शब्दाचा प्रत्यय कापला
आणि हातात ठेवलं 'नाशक'.
मी शोधत होते नाशकातली जुनी ग्रंथालयं,
निकालात आली बुरशीनाशकं,
द्राक्षावर डाऊनी पडली तर
किती लिटर पाण्याला किती ग्रॅम.
सायली आहेर बाकावर डोकं टेकून हसत सुटली.
दिंडोरीची ती. म्हणाली,
हे मशीन आमच्या पप्पांना दे.

थेटे मॅडम हसल्या नाहीत.
दहा निकाल आले, कामाचा एकही नाही,
मग अचूकता किती?
शून्य, मॅडम.
आणि कामाचा नाही, हे कोणी ठरवलं?
आहेर, तू सांग.
सायली गप्प. मीही.
सिलॅबसमध्ये नव्हतं ते.

मग उलटी सूची.
पुस्तकात शब्द राहतात.
सूची उलटी केली की
शब्दाच्या घरी पुस्तकं राहायला येतात.
एका शब्दाच्या दारात उभं राहायचं, हाक मारायची,
तो सांगतो, मी इथे आहे, तिथे आहे,
बाराव्या पानावर दोनदा आहे.
सात मार्कांना, आकृतीसह.

त्याआधी मात्र चाळण.
आणि, पण, तर, ती, तिला, होती:
जे सगळीकडे असतं
त्यानं काहीच वेगळं ओळखता येत नाही,
म्हणून ते आधी काढून टाकायचं.
मी यादी टाइप केली. एकशे बारा शब्द.
एंटर.

फेब्रुवारीत परतूरहून मावशी आली,
मांडीवर नानांच्या अस्थी, रात्रभर एसटीत.
रामकुंडावर गुरुजींनी एवढंच विचारलं,
आडनाव? मूळ गाव?
वायाळ. परतूर नाही, त्याच्या अलीकडचं आष्टी.
पोरगा आत गेला, लाल फडक्यातली लांबोडी वही घेऊन आला.
मी फोनवर वेळ लावला होता, सवयीनं.
चार मिनिटं दहा सेकंद,
त्यातलं एक मिनिट गाठ सोडण्यात.
लॅबमधला सर्व्हर
तेवढ्यात लॉगिनसुद्धा होऊ देत नाही.

पान पिवळं, शाई तपकिरी.
सन १९६२. दशरथ कोंडीबा वायाळ, सकुटुंब.
खाली नानांची सही,
'द'च्या पोटात शाईचा थेंब फुटलेला.
मावशीनं सहीवर बोट ठेवलं नाही, जरा वर धरलं.
मग म्हणाली,
तेव्हा आई होती की बरोबर. मी पोटात होते तिच्या.
तिचं नाव कुठंय?
गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला.
काही पानांवर असतं, बाई. इथं सकुटुंब लिहिलंय,
त्यात आल्याच त्या.

वाऱ्यानं पान हललं. मी अंगठ्यानं दाबून धरलं.
एकच शब्द, आणि त्यात
एक बाई, तिच्या पोटात दुसरी,
शिवाय बरोबर कोण कोण आलं असेल ते.
कुठल्याही नावानं हाक मारा,
दार उघडणार नाही.

जुन्या ओळीला हात लावत नाही आम्ही, गुरुजी म्हणाले,
पण आजची नोंद तुमच्याच हातची.
पेन पुढं केलं.
मावशी चौथी शिकलेली. लिहायला
नानांच्या सहीपेक्षा जास्त वेळ लागला तिला.
कै. दशरथ आणि कै. ठकूबाई.
'आणि' जरा मोठाच झाला,
दोन्ही नावांना खेटून बसलेला.

सोमवारी लॅबमध्ये
मी यादीतून एक शब्द काढला.
इंडेक्स भसाभस फुगला,
शोध अडखळायला लागला,
जवळपास प्रत्येक फाइल हात वर करून म्हणाली, मी, मी.
सायलीनं विचारलं, काय केलंस?
तिला अजून सांगितलेलं नाही.

जर्नलवर मॅडमचा लाल शेरा आहे:
इंडेक्सचा आकार विनाकारण वाढला. कारण लिहा.
दहापैकी सहा.
खाली चार ओळी मोकळ्या सोडल्यात.
सबमिशन शुक्रवारी.