उणे एक

रास अल खैमाच्या बंदराअलीकडे,
जिथे डोंगर फोडून खडी जहाजांत भरतात,
तिथल्या वजनकाट्यावर काल बेचाळीस ट्रक उभे राहिले.
काट्याची वायर उंदरानं कुरतडली होती, एवढंच.
पण संगणकाला ते कुणी सांगितलं नाही.
तो आकड्याची वाट पाहत बसला
सकाळी सातपासून दुपारच्या अजानपर्यंत.
गुल रहीम ट्रकच्या सावलीत पटका तोंडावर घेऊन झोपला,
सावली सरकली तसा सरकला,
पुन्हा झोपला.

राशिद शेही म्हणाले, वाट पाहायला मर्यादा घाला.
पाच सेकंद, दहा सेकंद. मग सांगा, नाही आलं.
सोपं वाटलं मला.
चहा संपेपर्यंत सगळं सोपंच असतं.

लायब्ररी परकारांनी लिहिलेली, सत्त्याण्णव साली.
दाभोळहून आलेला माणूस,
कोड सी भाषेत, शेरे मराठीत,
रोमन अक्षरांत, खाडीकाठच्या हेलासकट:
हितं हात लावू नये, काटा सावकाश बोलतो.
वाच म्हटलं की ती वाचते,
आलं नाही तर थांबते.
थांबते म्हणजे थांबते.

तिच्यावर सदतीस प्रोग्राम उभे आहेत.
एकोणीसांचा मूळ कोड कुणाकडेच नाही,
ज्याची कृती सांगणारी बाई गेली
त्या लोणच्यासारखे ते:
खाता येतं, पुन्हा घालता येत नाही.

फंक्शनला एक पॅरामीटर वाढवावा?
जुने प्रोग्राम दोनच गोष्टी हातात देणार,
तिसरी लायब्ररी उचलणार
स्टॅकवर पडलेल्या कचऱ्यातून.
कचऱ्यात काय, कधी तीन मिलिसेकंद,
कधी एकवीस दिवस.

मग परकारांचं स्ट्रक्चर उघडलं आणि थबकले.
शेवटी सोळा बाइट मोकळे.
शेजारी शेरा: पुढच्याला जागा.
एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून ठेवावा
तशी ठेवलेली, माझ्यासाठी,
तेव्हा मी दुसरीत असेन.
डोळ्यांत पाणी यायचं,
पण जेवणाची सुट्टी संपली होती.

सजीवनं संध्याकाळी तपासून सांगितलं,
जुने प्रोग्राम ती जागा पुसत नाहीत.
मोकळी होती, रिकामी नव्हती.
रुमालावर आधीच कुणीतरी बसलेलं, आणि
ते कोण, हे दरवेळी वेगळं.

आणि तो भोंग्याचा प्रोग्राम.
खाणीत सुरुंग उडाला की माणसं आडोशाला जातात,
सगळं ठीक असा निरोप आला की तो वाजतो.
ईदेला आठ दिवस निरोप येत नाही,
तो आठ दिवस थांबतो, न कुरकुरता.
त्याला नाही आलं हा शब्द कुणी शिकवलेला नाही.
आपण म्हणू नाही आलं,
तो समजेल आलं,
आणि वाजेल.

रात्री नवं फंक्शन लिहिलं, नव्या नावाचं,
मुदत विचारणारं.
जुन्या नावाखाली एकच ओळ ठेवली:
नव्याला हाक मार, मुदत उणे एक.
उणे एक म्हणजे
आजवर पाहिलीस तितकी पाहा.

सकाळी काट्याची वायर मी स्वतः उपटली.
पाच सेकंद.
पडद्यावर आलं, काटा बोलत नाही.
गुल रहीमनं शिवी दिली, गियर टाकला,
दुसऱ्या काट्याकडे गेला.
भोंगा तसाच गप्प,
त्याच्या जगात काहीच घडलं नव्हतं.

परकारांच्या शेऱ्याखाली मी लिहिलं:
हात लावला. जुन्यांना कळणार नाही असा.

फाइलच्या माथ्यावर दाभोळचा एक नंबर होता,
सहा आकडी, एसटीडी कोडसकट.
आता कुणाचा असेल.
लावला. वाजत राहिला.
चाळीस सेकंदांनी माझा फोन आपणहून बंद झाला,
उत्तर नाही, म्हणाला.

पुन्हा लावला.