गळती, सेल्कर्क अव्हेन्यू

ओरेस्त गुडघे टेकतो, छपराला तळहात लावतो.
डांबरातलं तेल केव्हाच उडालं,
बावीस उन्हाळ्यांनी चोखून नेलं;
उरली ती सुसरीची पाठ.
एक फोड. दाबला की आत वारा कुरकुरतो.

सपाट छप्पर म्हणे!
मधोमध परातीएवढा खळगा,
त्यात गेल्या आठवड्याचं पाणी
आणि केस झडलेला टेनिसचा चेंडू.
विनिपेगची थंडी पडली
की हेच पाणी भेगेत फुगेल,
तिला नखभर आणखी उकलेल.

मिसेस हावरिलुक खिडकीतून ओरडते,
"धुराड्यापाशी काय बघतोस? गळतंय स्वयंपाकघरात!"
पाणी शिरतं एकीकडे,
फळ्यांच्या पोटाखालून चालतं,
खिळ्याखिळ्याशी थांबत.

"स्तेफान होता तोवर एक थेंब नव्हता."
"तेव्हाच शिरलं होतं," तो म्हणतो,
"खाली यायला वेळ लागला."

आत
पातेलं सरकवल्याचा आवाज.